डोकं नसलेल्या डोंगरावरून

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी तुम्हाला आज पहिल्यांदा लिहितो आहे. हॉस्टेलवरून दर आठवड्याला कार्ड टाकायचो ती पत्रं नव्हती, हजेरी होती. ‘मी मजेत, अभ्यास चालू, तब्येतीला जपा.’ तुमचंही उत्तर तसंच यायचं, फक्त अक्षर छापल्यासारखं. पत्त्यात माझं आडनाव तुम्ही जरा जास्तच ठळक लिहायचात, हे तेव्हा लक्षात आलं नाही. आता मी स्टुटगार्टमध्ये राहतो, एका कंपनीत गाड्यांच्या ब्रेकचं काम करतो, मला बायको आहे, अकरा वर्षांची मुलगी आहे, आणि या जूनमध्ये मी दक्षिण अमेरिकेत, बोलिव्हियात जाऊन एका बर्फाच्या डोंगरावर चढून आलो. डोंगराचं नाव मुरुराता. तुम्ही ऐकलेलं नसणार. इथंही कोणी ऐकलेलं नाही. ऑफिसात सांगितलं की लोक ‘आख झो’, म्हणजे ‘अस्सं का’, म्हणतात आणि कॉफी आणायला जातात.

तुम्ही म्हणाल, पोटामागे गेलास ना तिकडे, मग हे डोंगराचं खूळ कोणी घातलं डोक्यात? तर ते तुम्हीच घातलंत. सातवीत भूगोलाच्या प्रदर्शनासाठी तुम्ही मला दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढून दिला होता, आठवतं? भूमी अभिलेखच्या ऑफिसात उरलेला ट्रेसिंगच्या कापडाचा तुकडा, निळसर, एका अंगाने चकचकीत. आई मी चार वर्षांचा असतानाच गेली होती, त्यामुळे घरातलं स्वयंपाकघर तुमचं, आणि रविवारी सकाळी तेच तुमचं ऑफिस. तुम्ही भाकरी थापताय, नखांत काळी शाई आहे, मी तोंड वाकडं करतो, आणि तुम्ही म्हणता, ‘खा, खा. शाई पोटात गेली की अक्षर सुधारतं.’ मग चूल विझवून, फरशी पुसून, पाटावर कापड ताणून तुम्ही बसता. खंडाच्या डाव्या कडेने वरपासून खालपर्यंत एकेक बारीक रेघ मारत डोंगरांची रांग उतरवता आणि मी श्वास धरून बघतो. चूक झालीच तर अर्धं ब्लेड घेऊन तेवढीच शाई अलगद खरवडायची, वर खडूची पूड चोळायची, आणि त्याच जागी पुन्हा लिहायचं. ‘चूक होणारच,’ तुम्ही म्हणायचात, ‘ती दिसू द्यायची नाही.’ त्या रांगेत तुम्ही अकरा शिखरं लिहिली होती. मला पहिलं बक्षीस मिळालं आणि गुरुजी म्हणाले, बापाचा हात आहे. तुम्हाला ते आवडलं नव्हतं.

तो नकाशा माझ्याबरोबर इथवर आला. पत्र्याच्या नळीत गुंडाळून, आधी पुण्याला, मग स्टुटगार्टला. तुमची दुसरी वस्तू माझ्याकडे आहे ती म्हणजे गॅझेटाचं एक कात्रण. तुम्ही गेल्यावर ट्रंकेत सापडलं. चार ओळींची जाहिरात: अमुक आडनाव असलेला मी, यापुढे तमुक आडनावाने ओळखला जाईन. माझ्या जन्माच्या वर्षातलं आहे. म्हणजे मी जुन्या आडनावाचा एक दिवसही मालक नव्हतो.

हे आडनाव तुम्ही कुठून आणलंत ते मला फार उशिरा कळलं. आपल्या लोकांनी धर्म बदलला तेव्हा कित्येकांनी आडनावं बदलली, बहुतेकांनी आपल्या गावाच्या नावापुढे ‘कर’ लावलं. तुम्ही मात्र गाव आपलं घेतलं नाहीत. तुम्ही ट्रेसर होता. रोज गावांचे नकाशे उतरवायचात, त्यातलंच एक गाव उचललंत. दोनशे मैलांवरचं, जिथे आपलं कोणी नाही, जिथे तुम्ही कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आणि मग ते गाव माझ्याकडून पाढ्यांसारखं पाठ करून घेतलंत. घरमालकीण विचारेल, शाळेत विचारतील, विचारलं की अडखळायचं नाही. वेस उत्तरेला. वेशीत मारुती. मारुतीमागे पिंपळ. तीन आळ्या, वरची, मधली, खालची; आपण वरच्या आळीचे. पूर्वेला ओढा. बारवेला सोळा पायऱ्या. मी धडाधड म्हणायचो आणि तुम्ही मान हलवायचात. मला ते गाव इतकं ठाऊक होतं की स्वप्नात मी त्या बारवेवर पाणी भरायचो. ‘ओढ्यापलीकडे काय आहे?’ असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, ‘शेतं.’

सहावीत असताना आत्या आली. तुमची थोरली बहीण, खऱ्या गावाहून, डोक्यावर शेंगांचं गाठोडं. तुम्ही तिला मागच्या दाराने आत घेतलंत, तेही मला आठवतं. ती मला मांडीवर घेऊन म्हणाली, ‘तू अमक्याचं लेकरू हाईस, ध्यानात ठिव,’ आणि तिने ते आडनाव उच्चारलं. कसलं छान वाजलं ते! जड, भरलेल्या घागरीसारखं. मी दुसऱ्या दिवशी गणिताच्या वहीवर तेच लिहिलं. तुम्ही मारलं नाहीत. वहीचं कव्हर काढलंत, चुलीत घातलंत, नवीन खाकी कागद चढवून आपल्या अक्षरात नवं नाव घातलंत आणि पेन खाली ठेवून म्हणालात, ‘डोकं खाली घालून अभ्यास कर. वर आलेलं डोकं आधी दिसतं. दिसलं की उडवतात.’ एवढंच. नंतर आत्या कधी आली नाही. ती तिच्या रागाने आली नाही की तुम्ही येऊ नको म्हणालात, हे मला आजही माहीत नाही, आणि सांगायला आता दोघांतलं कोणी नाही.

मॅट्रिकच्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन ऑफिसात आलो होतो. तुम्ही साहेबांकडे गेला होता. रॅकमध्ये नकाशांच्या गुंडाळ्या होत्या, प्रत्येकीवर गावाचं नाव, आणि त्यात ‘आपलं’ गाव होतं. मी उघडलं. सगळं जागच्या जागी होतं, वेस, मारुती, तीन आळ्या, बारव. आणि पूर्वेला, ओढ्यापलीकडे, तुमच्या त्या देखण्या, किंचित उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं होतं: महारवाडा. नेमकी तेवढी एक जागा तुम्ही मला शिकवली नव्हती. मागून तुम्ही आलात, मी काय वाचतोय ते पाहिलंत, गुंडाळी माझ्या हातातून घेतलीत आणि म्हणालात, ‘आज डब्यात काय आहे?’ डबा तुम्हीच सकाळी भरला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की तुम्ही दिवसातून किती वेळा हा शब्द लिहीत असाल. गावोगावच्या नकाशांवर, पूर्वेच्या बाजूला, सुंदर अक्षरात, आणि साहेब शेरा मारत असेल, काम स्वच्छ आहे.

हे सगळं आत्ताच का उकरतोय, तर त्याला कारण तुमची नात. तिच्या शाळेत या मे महिन्यात श्टामबाउम करायला दिला होता, म्हणजे घराण्याचं झाड. मोठ्या कागदावर फांद्या, प्रत्येक फांदीवर एक चौकट, चौकटीत नाव, जन्मगाव आणि गेबुर्ट्सनामं. गेबुर्ट्सनामं म्हणजे जन्माच्या वेळचं आडनाव. जर्मन माणसाला फॉर्मवर हा रकाना असल्याशिवाय चैन पडत नाही. बायकांचं भरून झालं, आणि मग ती तुमच्या चौकटीवर पेन्सिल टेकवून म्हणाली, ‘पापा, उंट ओपा?’ तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र जर्मन. ‘आणि ओपा?’ ओपा म्हणजे आजोबा, तुम्ही. मी म्हणालो, ‘थांब, मी बोलिव्हियाहून आलो की आपण दोघं मिळून भरू.’ तुमची सून स्वयंपाकघरातून बघत होती. ती नागपूरची. तिच्या माहेरी बुद्धाचा फोटो दर्शनी भिंतीवर असतो, आपल्यासारखा कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला नाही. मुलगी आत गेल्यावर ती म्हणाली, ‘अरे, सांगून टाक ना तिला. इट्स हर हिस्टरी टू. आणि इथे कोणाला काय फरक पडतो? जर्मनांना आपली सगळी आडनावं सारखीच अवघड.’ मी म्हणालो, सांगीन, मीच सांगीन. ती म्हणाली, ‘गेल्या गणपतीला सांगणार होतास तसं?’

गेल्या गणपतीचं तुम्हाला सांगायलाच हवं. इथली मराठी मंडळी एक हॉल भाड्याने घेऊन दरवर्षी जमतात. आरती, मोदक, लहान मुलांचे नाच. आम्ही पूजेला नाही, माणसांसाठी जातो, मराठी ऐकायला मिळतं म्हणून. तिथे कोणा एका इंजिनियरच्या सासूबाई आल्या होत्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर, बोलायला माणूस नाही म्हणून कासावीस. माझं आडनाव कानावर पडताच त्या उठून आल्या. ‘आरं, आमच्या गावचं तुमी!’ एवढ्या मोठ्या जगात, आबा, तुम्ही उचललेल्या नेमक्या त्याच गावच्या. आणि मग तोंड उघडलं तर पाढा बाहेर पडायला लागला. वेस, मारुती, पिंपळ, बारवेच्या सोळा पायऱ्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी. ‘कंच्या आळीचं रं?’ वरच्या आळीचे, मी म्हणालो. ‘मग आमच्यातलंच की!’ त्यांनी स्टीलच्या डब्यातून बेसनाचा लाडू काढला, माझ्या हातावर ठेवला, आणि मायेने, अगदी मायेने म्हणाल्या, ‘बरं झालं इचारलं. आजकाल आडनावावरनं काय कळत न्हाई बघ. वड्यापल्याडची बी आपलीच नावं लावत्यात.’

मी हसलो. नुसता हसलो नाही, ‘हो ना’ म्हणालो. आणि लाडू खाल्ला. चांगला होता, तूप घरचं होतं. तुमची सून दोन पावलांवर उभी होती, तिने पर्समधून गाडीची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. घरी परतताना मागच्या सीटवरून मुलीने विचारलं, ती आजी म्हणत होती ते ओढ्यापलीकडे काय असतं? मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणालो, ‘निश्ट्स. काही नाही. शेतं.’ शेजारून आवाज आला, ‘ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले, ताक पिऊन झाल्यावरही लपवणारा तूच.’

तर असा मी, फांदीवरची चौकट तशीच रिकामी ठेवून निघालो. ते दिवस इथल्या फुटबॉलच्या वर्ल्डकपचे. अख्खं जग स्टुटगार्टला येत होतं, खिडक्याखिडक्यांतून झेंडे, आणि आम्ही चौघे उलट्या दिशेने चाललो होतो. आमच्या टेस्ट विभागातला एक पन्नाशीचा जर्मन सहकारी, त्याचे दोन मित्र आणि मी. हा सहकारी काही वर्षं स्पेनच्या कारखान्यात होता, त्याला स्पॅनिश येतं. त्यानेच मला आल्प्समध्ये दोरी धरायला शिकवलं होतं. डोंगर त्याने निवडला. प्रसिद्ध डोंगरांवर गर्दी फार, म्हणाला. ला पाझ शहरातून बघितलं तर डावी-उजवीकडे टोकदार शिखरं आहेत, आणि मधेच हा एक, वरून सपाट, पाटासारखा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, याचं काहीतरी अर्धवट राहिलंय.

अर्धवट का, ते आमच्या वाटाड्याने सांगितलं. माझ्याच वयाचा आयमारा माणूस, त्या डोंगरांखालच्या खेड्यातला. आम्ही हिमनदीखाली तंबू टाकले होते, दुपार होती, तो बसून बटाटे सोलत होता आणि मी त्याला मदत करत होतो. हातात सुरी आणि बटाटा असला की मला जरा घरच्यासारखं वाटतं. तो स्पॅनिशमध्ये बोले, सहकारी मला जर्मनमध्ये सांगे, आणि डोक्यात ते मराठीत उतरे. फार पूर्वी हा डोंगर या सगळ्यांत उंच होता, म्हणाला. शेजारी इयिमानी नावाचा दुसरा मोठा. दोघांत उंच कोण हा वाद. शेवटी कोणी म्हणतं राजाने, कोणी म्हणतं देवाने, गोफण घेतली, दगड घातला आणि याचं डोकं उडवलं. आणि डोक्याला ओरडून सांगितलं, चालतं हो इथून. ते डोकं पश्चिमेकडे उडालं, पार देशाच्या सीमेवर जाऊन पडलं. तिथे त्याचा वेगळा डोंगर झाला, साहामा. आमच्या भाषेत मुरुराता म्हणजे शेंडा छाटलेला. सहकाऱ्याने आपलं गाइडबुक काढलं, त्यात याहून काही वेगळं नव्हतं, फक्त कोरडं होतं. माझ्या हातातला बटाटा तसाच राहिला. साहामा मला माहीत होता. तुमच्या अकरा शिखरांत तो आहे. इंग्रजी ॲटलासवरून तुम्ही ‘सजामा’ लिहिला आहे. तुमच्या नकाशावर डोकं होतं, आबा. धड नव्हतं.

मग वाटाड्या स्वतःबद्दल बोलायला लागला. त्याच्या बापाचं आडनाव एका शिकारी पक्ष्याचं होतं, अस्सल आयमारा. बाप शहरात हमालीला गेला, तिथे त्या आडनावाला कोणी खोली देईना, पोराला शाळेत चिडवायला लागले. तेव्हा त्याने कचेरीत जाऊन स्पॅनिश वाटेल असं आडनाव करून घेतलं. ‘मी आता परत फिरवलं,’ तो म्हणाला. ‘सहा महिने कचेरीत खेटे घातले. बाप असता तर रागावला असता.’ आणि हसून त्याने मला विचारलं, ‘तुझ्या आडनावाचा अर्थ काय?’

आबा, त्याहून सोपी जागा जगाच्या पाठीवर मला मिळणार नव्हती. पाच हजार मीटरवर, एका परक्या माणसासमोर, ज्याने आपली मूठ उघडून दाखवली होती. त्याला ना आपल्या गावाचं नाव माहीत ना ओढ्याचं. मी म्हणालो, ‘अर्थ काही नाही. आमच्या गावाचं नाव आहे.’ सहकाऱ्याने भाषांतर केलं. वाटाड्या म्हणाला, ‘सुंदर. म्हणजे तुमचं सगळं जागेवर आहे.’ मी उरलेले बटाटे सोलले. झाकली मूठ सव्वा लाखाची, तुम्ही म्हणायचात. मूठ इतकी वर्षं झाकलेली की आता बोटंच उघडत नाहीत, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत.

दुसऱ्या दिवशी चढलो. बुटांना लोखंडी काटे, कमरेला दोरी, पुढे वाटाड्या. चढण भयंकर नव्हती, हवाच नव्हती. वीस पावलं टाकायची आणि बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीवर ओणवं होऊन धापा टाकायच्या. मला वाटत होतं, वर पोचलो की काहीतरी होईल. लोक सांगतात तसं, रडू येईल, मोकळं वाटेल. चढण हळूहळू कमी होत गेली आणि मग संपलीच. समोर बर्फाचं सपाट मैदान, क्रिकेटच्या मैदानापेक्षा मोठं. टोक नाहीच. ‘शिखर कुठे आहे?’ मी विचारलं. वाटाड्याने खांदे उडवले. माझा सहकारी जीपीएस हातात धरून त्या मैदानात गोल गोल फिरत राहिला, चार पावलं इकडे, दोन तिकडे, आणि शेवटी एका जागी काठी रोवून म्हणाला, ‘गेनाऊ हिअर!’ बरोबर इथेच. आम्ही चौघे आळीपाळीने त्या जागेवर उभे राहिलो आणि फोटो काढले. बाजूच्या जागेत आणि त्या जागेत काही फरक नव्हता. साफ दिवशी इथून साहामा दिसतो, वाटाड्या म्हणाला, आणि पश्चिमेकडे हात केला. तिकडे धुरकट होतं. मी गॉगल काढून डोळे फाडून बघितलं. काही दिसलं नाही. तो म्हणाला, ‘पण गंमत बघ, तेच डोकं आज आमच्या देशातलं सगळ्यात उंच शिखर आहे.’ त्याला ते फार समाधानाचं वाटत होतं. मला नाही वाटलं. डोकं तिकडे कितीही वाढो, इथे जो उभा आहे त्याला काय त्याचं?

उतरताना मात्र मी ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. विमानात वाक्य तयार केलं, जर्मनमध्ये आणि मराठीत दोन्ही. घरी आलो तर मुलगी दारातच. झाड शाळेत देऊन झालं होतं, मला यायला उशीर झाला म्हणून तिने स्वतःच भरलं. तुमच्या चौकटीत गेबुर्ट्सनामंसमोर तिने नीट पट्टीने एक आडवी रेघ मारली आहे. जेव्हा काही बदल नसतो तेव्हा इथे अशी रेघ मारतात. आणि झाडाच्या खाली, कोणी न सांगता, तिने गावाचा नकाशा काढला होता. आपल्या गावाचा! लहानपणी झोपवताना मी तिला तोच पाढा गोष्टीसारखा सांगायचो. वेस, मारुती, पिंपळ, तीन आळ्या, वरच्या आळीत एका घरावर लाल बाण: ओपा. तिचा हात तुमच्यासारखा आहे, रेघ कुठे थरथरत नाही. आणि पूर्वेला, निळ्या ओढ्यापलीकडे, हिरवीगार शेतं, त्यात तीन गायी, काळ्या-पांढऱ्या, इथल्या. शिक्षिकेने खाली लाल शाईत लिहिलं होतं: झेअर गुट, उत्तम. मला फक्त गायींवर बोट ठेवायचं होतं आणि तयार केलेलं वाक्य म्हणायचं होतं. मी म्हणालो, ‘श्योन.’ फार छान काढलंयस. तुमची सून माझी बॅग उचलून आत गेली, तिने मला काही विचारलं नाही. त्यानंतरही विचारलेलं नाही.

त्या रविवारी मी पत्र्याच्या नळीतून तुमचा नकाशा काढला. धडाची जागा कुठे येते ते बघायचं होतं, एवढंच. आमच्या दिवाणखान्याची खिडकी मोठी आहे, ऊन येत होतं, मी कापड काचेवर धरलं. साहामा सापडला. धड त्याच्या उजवीकडे कुठेतरी असणार, तिथे नुसत्या रेघा. मग नजर खाली कोपऱ्यात गेली. ‘रेखाटले’ आणि पुढे माझं नाव, आडनाव. प्रदर्शनासाठी तुम्ही माझंच नाव घातलं होतंत. आडनावाच्या जागी कापड पातळ होतं. उजेडात तिथे खालची जुनी अक्षरं दिसत होती, खरवडलेली, पण दिसत होती. तुम्ही आधी ते लिहिलं होतंत. ते, आत्याने सांगितलेलं. माझ्या नावापुढे. ज्यासाठी वर्षभर आधी माझ्या वहीचं कव्हर चुलीत गेलं होतं तेच. आबा, तो हात चुकला होता का? की तुम्हाला एकदा बघायचं होतं, पोराच्या नावापुढे ते कसं दिसतं? किती वेळ ठेवलं होतंत ते, ब्लेड उचलायच्या आधी? शाई वाळेपर्यंत तरी? कुठल्याच ऑफिसात याचं उत्तर मिळणार नाही. मी तिथे उभा राहून लहान मुलासारखा रडलो, हेही सांगून टाकतो.

मुलगी आली. काय बघतोयस, म्हणाली. मी तिला साहामा दाखवला आणि डोकं उडवलेल्या डोंगराची गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकली, धडाच्या जागेवर नाक लावून बघितलं आणि विचारलं, ‘हाट एस वेगेटान?’ दुखलं का त्याला? मी म्हणालो, माहीत नाही. तिची हँडबॉलची वेळ झाली होती, ती पळाली. ती जाईपर्यंत माझा अंगठा कोपऱ्यातल्या त्या नावावर होता. मी तो मुद्दाम ठेवला नव्हता. पण काढलाही नाही.

ती काही दिवसांनी मोठी होईल, विचारणं सोडून देईल, आणि तिच्या मुलांना त्या बारवेच्या सोळा पायऱ्या सांगेल. ओढ्यापलीकडे शेतं असतील. हे असंच होणार, मला दिसतं आहे. तुमच्यावर राग धरायचा तर तोही धरवत नाही. तुम्हाला खोली हवी होती, माझ्यासाठी शाळा हवी होती. मला काय हवं होतं? माझ्याकडे घर आहे, नोकरी आहे, पासपोर्ट आहे, आणि मला एक लाडूसुद्धा नाकारता आला नाही.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि इथे ते वाचणारं कोणी नाही. एकीला मराठी वाचता येत नाही, दुसरीने विचारणं सोडलं आहे. म्हणून मी पहिल्या पानावर ते आडनाव लिहिलं होतं, शाईने, पूर्ण. पुढचं सगळं लिहून झालं आणि मी परत पहिलं पान काढलं, दाढीचं ब्लेड आणलं आणि तुम्ही शिकवलं होतं तसं अलगद खरवडलं. दिव्यासमोर धरलं तर दिसत होतं. मग मी ते पान पुन्हा उतरवून काढलं, त्या नावाशिवाय, आणि पहिलं फाडून टाकलं. तुम्ही निदान कापड तेच ठेवलं होतंत.